ट्रेडलवरचा दुसरा माणूस

दार लोटून घ्या. हे माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलंय, तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

साडू लेथवरचा फिटर. रिटायर झाला आणि एका बंद पडलेल्या छापखान्यातून पायाने चालवायचं जुनं ट्रेडल मशीन उचलून आणलं. आठ महिने गंज खरवडला, तेल पाजलं. मेहुणी म्हणायची, "माझ्या गुडघ्याला कधी तेल लावलं नाही, लोखंडाला मात्र रोज मालीश."

मुलीचं शिवणकामाचं दुकान उघडायचं होतं. तिची कार्डं आपणच छापायची, हा याचा हट्ट. म्हणून शाईचे रूळ नव्याने ओतून आणायला गेला. रूळवाल्या म्हाताऱ्याने मशीन कुठून आणलं ते विचारलं, आणि रूळ हातात देताना म्हणाला, "दुसरा माणूस कोण आहे?"

"ट्रेडलला दुसरा कशाला? मी एकटा पुरतो."

म्हाताऱ्याने पैसे मोजून गल्ल्यात टाकले.

तेवीस डिसेंबर, मंगळवार. रात्रीचे पावणेबारा. कार्डं सकाळी हवी होती. घरचे झोपलेले. साडूने मागच्या खोलीत अक्षरांचे खिळे जुळवून मशीनवर चढवले आणि पाय मारायला लागला. मशीनचा जबडा उघडला की डाव्या हाताने छापलेलं कार्ड काढायचं, उजव्याने कोरं ठेवायचं. हात लयीत आले. शंभर झाली... दीडशे...

मग लक्षात आलं. डावा हात मघापासून कमरेवरच आहे.

छापलेलं कार्ड मात्र दर वेळी निघतंय.

बाजूच्या टेबलावर चळत वाढत होती. कडेला कड लावून.

त्याने पाय थांबवला.

चाक थांबलं नाही.

"कोण आहे..."

...

जबड्यात एक कार्ड राहिलं होतं. सवयीने डावा हात आत गेला. जबडा मिटायला लागला. आणि कुणीतरी मनगट धरलं. गार. घट्ट.

आत ओढलं की बाहेर, ते त्याला आजही सांगता येत नाही. भानावर आला तेव्हा जमिनीवर बसलेला होता. चाक थांबलेलं. हात शाबूत.

सकाळी मुलगी कार्डं घेऊन गेली. "बाबा, एकसुद्धा वाकडं नाही हो," म्हणाली. मशीनवर त्याने त्याच दिवशी चादर टाकली.

आठवड्याने मी गेलो, तेव्हा त्याने बाही वर केली. मनगटावर चार बोटांचे काळे ठसे. रॉकेलने पुसले, साबणाने घासले, निघत नाहीत म्हणाला.

मी म्हटलं, "छपाईची शाई चिवटच असते. जाईल हळूहळू."

त्याने बाही खाली ओढली.

"साडूभाऊ, कार्डं लाल शाईत छापली. काळी शाई मी अजून घरात आणलेलीच नाही."