मागचा पंखा

मुरुमहून उमरग्याला निघालेल्या एसटीत माझ्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर होता. तुळशीची लग्नं होऊन गेली तरी पाऊस जायचं नाव घेत नव्हता. नुसती बुरबुर… ना धड पडणं, ना धड थांबणं. तुरीचा फुलोरा गळून गेला होता, आभाळ सकाळपासून संध्याकाळसारखं दिसत होतं आणि खिडकीची काच लावली तरी थेंब आत येत होते. मी चादर घट्ट ओढून घेतली.

"लेकरू आजारी हाय का?" शेजारच्या माणसानं विचारलं.

मी त्याच्याकडं पाहिलं. तिशीचा असेल. चादरीखालून लोंबणारी वायर त्याला केव्हाच दिसली होती, हे त्याच्या डोळ्यांवरून कळत होतं.

"तापानं फणफणलंय," मी म्हणाले.

"किती हाय ताप?"

"अठ्ठ्याण्णव."

"मग काय एवढं?"

"सेल्सिअस."

तो हसला. मला हसू आलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच येत नव्हतं.

"उमरग्यात स्टँडमागं आपलंच दुकान हाय," तो म्हणाला. "कॉम्प्युटर रिपेरिंग. शिवकुमार म्हणतेत मला. आजून कुणाला दाखवलं?"

"एकाला. तो म्हणाला भंगारात घाला. मला भंगारात घालायचा नाही. माझ्या नवऱ्यानं स्वतः जुळवलाय तो."

"मग त्यान्लाच…"

"ते नाहीत आता."

वाईट वाटलं वगैरे तो काही म्हणाला नाही. चादरीचं एक टोक भिजत होतं, ते त्यानं हलक्या हातानं आत खोचलं आणि उमरगा येईपर्यंत समोर बघत बसला.

महारुद्र लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. सोलापूरहून एकेक भाग आणून त्यानं हे मशीन उभं केलं आणि दोन वर्षांपूर्वी नळदुर्गच्या घाटाजवळ मोटारसायकलच्या अपघातात गेला तो गेलाच. घरात मी आणि सासूबाई. आमच्यात घरी कानडी चालतं, म्हणून मी त्यांना अत्ती म्हणते. महारुद्रानं जिवंतपणी मला एडिटिंग शिकवलं होतं, त्यावरच आता चूल पेटायची. दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नातल्या नवऱ्या मुलींचे चेहरे बघायचे, हळदीची गाणी जोडायची. आणि ऐन लग्नसराईत हे मशीन व्हिडिओ तयार होता होता धाडकन बंद पडायला लागलं होतं. दोन फोटोग्राफर कामं दुसरीकडं न्यायच्या गोष्टी करत होते. मशीन गेलं तर आमचं पोट जाणार होतं, एवढं सरळ होतं सगळं.

शिवकुमारनं ते दुकानात झाकण काढून दिवसभर चालवलं. एकदाही बंद पडलं नाही. मी हायसं वाटून घरी आणलं, झाकण लावलं, काम सुरू केलं, आणि अर्ध्यावर पुन्हा अंधार.

मी फोन केला. "तुमच्याकडं गुणी आणि माझ्याकडं नाटकं करतंय."

"सासर-माहेरचा फरक हाय तो," तो म्हणाला. "येऊन बघतो."

आला तो पावसात निम्मा भिजून. रॅम काढून खोडरबरानं पुसून परत बसवली. वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, दुसरा लावून पाहिला. प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. आतली जाळी ब्लोअरनं साफ करताना त्याच्या तोंडावर पांढरी धूळ उडाली. त्यानं ती बोटावर घेऊन पाहिली.

"ही माती न्हाय. राख हाय."

"विभूती आहे," मी हळूच म्हणाले.

अत्ती देव्हाऱ्यापुढं बसून ऐकत होत्या. लिंगपूजा झाली की त्या रोज महारुद्राच्या फोटोला आणि मग त्याच्या मशीनला तीन बोटांनी विभूती लावायच्या. टेबल लहान, म्हणून कॅबिनेट आडवं ठेवलेलं, त्याची पाठ देव्हाऱ्याकडं. मी कधी अडवलं नाही. त्यांना लेकरू राहिलं नव्हतं, लेकराच्या हातची ही एक वस्तू राहिली होती.

त्या दिवशी मशीन चाललं. तीन दिवस बरं गेलं, मग पुन्हा तेच. तो पुन्हा आला. मग पुन्हा. प्रोसेसरवरचा पंखा बदलला, वायरी बांधून बाजूला केल्या, कॅबिनेटखाली लाकडी ठोकळे दिले. दर वेळी दोन-चार दिवस निघायचे. मी चहा करायची, तो कप दोन्ही हातांत धरून बसायचा आणि पडद्यावरच्या लग्नाला नावं ठेवायचा.

"ह्यो नवरदेव रडतोय का हसतोय?"

"दोन्ही. जेवण संपलं असेल."

असं काहीतरी मी बोलून जायची आणि मग स्वतःचाच आवाज ऐकून दचकायची. तो आला नाही त्या दिवशी खिडकीतला पाऊस जास्त राखाडी दिसायचा. हे मला आवडत नव्हतं. फोटोखाली बसून दुसऱ्या माणसाची वाट बघायची, याची लाज वाटायची मला. तरी कप दोनच काढले जायचे.

एकदा मी ओसरीवर त्याला गाठलंच.

"एक विचारू? तुम्हाला ही दुरुस्ती येत नाही, की करायची नाही?"

तो चपला घालता घालता थांबला. "येती."

"मग?"

"मग… करायची न्हाय."

मला वाटलं, आता तो ते बोलणार. बोलला असता तर मी रागावले असते की नाही, देव जाणे. पण त्यानं आत एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"त्या दिवशी सकाळीच आल्तो बघा, काकूंची पूजा चालू असताना. काकूंनी उदबत्ती मशीनच्या मागं लावली. धूर सरळ आत चालला हुता. सगळा. काकू मला म्हनल्या, बघ, माझं लेकरू ऊद घेतंय."

मला ते माहीत होतं. रोज बघत होते मी. उदबत्तीचा धूर वाकायचा आणि मशीनच्या पाठीतल्या जाळीतून आत शिरायचा, आणि अत्तींचा चेहरा त्या दिवसातला एकदाच निवळायचा. खरं सांगायचं तर मीही थोडी मानायला लागले होते.

"मागचा पंखा उलटा बसलाय," शिवकुमार म्हणाला. "त्यानं आतली गरम हवा भायेर फेकायची असती. ह्यो भायेरची आत ओढतोय. पुढचाबी आत ओढतोय. गरम हवेला वाटच न्हाय. वरनं रोजची विभूती. दुकानात झाकण उघडं हुतं म्हणून चाललं."

"आणि सरळ केला तर…"

"तर धूर परत येनार. काकूंच्या तोंडावर." त्यानं चपलेच्या अंगठ्याकडं पाहिलं. "म्हणून बाकी सगळं करून बघितलं. तेवढं एक मला जमना."

महारुद्र पंखे बसवत होता तो दिवस मला आठवला. पंख्याच्या कडेला बारका बाण असतो, हवा कुठं जाणार ते दाखवणारा. मी म्हणाले होते, याचं टोक आत येतंय हो. तो म्हणाला होता, तुला काय कळतंय त्यातलं? मी गप्प बसले होते. असं तो पुष्कळदा म्हणायचा. दोन वर्षांत मी हे सगळं पुसून टाकलं होतं आणि नुसता देवासारखा माणूस शिल्लक ठेवला होता. मला महारुद्राचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो आणि त्याच वेळी त्याच्यासाठी पोटात तुटतंही, हे मला तेव्हा कळलं.

आणि समोर हा उभा होता. एका म्हातारीचा धूर मोडू नये म्हणून पावसात हेलपाटे घालणारा, स्वतःला अडाणी ठरवून घेणारा. स्पष्टच सांगते, मला तो त्या क्षणी आवडला. आधीही आवडत असेल, पण तेव्हा मी ते मनातल्या मनात कबूल केलं.

"उद्या या," मी म्हणाले. "अत्तींना मी सांगते."

"नका सांगू. म्या कायतरी दुसरं…"

"त्यांना फसवून फिरवायचा नाही. आणि न फिरवता चालणार नाही."

रात्रीच्या भाकरी थापताना मी अत्तींना सगळं सांगितलं. बाणाचंही सांगितलं. त्या तव्याकडं बघत राहिल्या. जेवल्या नाहीत. सकाळी उठून अंघोळ केली, पूजा केली, पण उदबत्ती लावली नाही. शिवकुमार येऊन दारात उभा राहिला, तेव्हा त्यांनीच त्याला आत घेतलं.

"फिरव त्याला," त्या म्हणाल्या. "लेकीचं काम बंद पडाय नको."

चार स्क्रू. पंखा बाहेर आला, वळला, परत बसला. झाकण लागलं, मशीन सुरू झालं. मग अत्तींनी उदबत्ती पेटवली आणि नेहमीच्या जागी खोचली. धूर मशीनकडं गेलाच नाही. तो मागं वळला आणि अत्तींच्या तोंडावर आला.

त्यांना ठसका लागला. पदरानं डोळे पुसले, पण ते थांबेनात. महारुद्राच्या मातीच्या दिवशीही त्या रडल्या नव्हत्या. बायका म्हणत होत्या, हिला रडवा, नाहीतर हिचं काही खरं नाही. त्या आता रडल्या. मोठ्यानं, जमिनीवर हात आपटून. मी त्यांना धरून बसले. शिवकुमार स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन भिंतीशी उभा होता, कुठं बघावं ते त्याला कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं अत्तींनी त्याला विचारलं, "आता घेत न्हाय. आधी तर घेत हुता का रं?"

"धूर आत जात हुता काकू," तो म्हणाला. "म्या माझ्या डोळ्यानं बघितलाय."

त्यांनी मान डोलावली.

त्यानंतर मशीन एकदाही बंद पडलं नाही. कितीही काम टाका, तापमान बासष्ट अंशांच्या वर जायचं नाही. दोन्ही फोटोग्राफर टिकले. मला बरं वाटायला हवं होतं. पण शिवकुमार यायचा थांबला. त्याला यायला कारणच उरलं नव्हतं, आणि मुरुममध्ये विधवेच्या घरी कुणी बिनकारण आला तर चार घरं ते बोलतात. त्याचा एकदा फोन आला, ताप कसा हाय म्हणून. मी म्हणाले, उतरला. तो म्हणाला, बरं झालं. फोन ठेवून मी पडद्यावरची वरात पुन्हा पुन्हा मागं घेत बसले. बाहेर ढग होतेच. आतही तेच होतं.

एका दुपारी अत्ती झोपल्यात असं बघून मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि मशीनचं झाकण काढलं. मागच्या पंख्याचा पहिला स्क्रू निघाला. दुसरा घट्ट बसला होता, तो काही केल्या हलेना.

"काय चाललंय?"

अत्ती मागं उभ्या होत्या. त्यांनी उघडं मशीन पाहिलं, माझ्या हातातला स्क्रू पाहिला, मग माझं तोंड.

"परत उलटा करतीस?"

मी रडायला लागले.

"बिघाड करून बोलावतीस व्हय त्याला?" त्या म्हणाल्या. "माझा लेक वेडा हुता. तू त्याच्याहून वेडी. फोन हाय की घरात."

"अत्ती, तसं काही नाही…"

"मला डोळे न्हाईत का? दोन कप म्या बघत न्हवते व्हय?" त्या माझ्या शेजारी खाली बसल्या. "माझ्या धाकट्या मावशीची उडकी झाल्ती, दुसरं लगीन. तिचा बी पहिला असाच गेल्ता. नवी सीरी नेसवली, चार मानसं जेवली, दुसऱ्या घरी धाडली. आमच्यात चालतं ते. पूर्वीपास्नं चालतं."

"आणि तुम्ही?"

"म्या रडून घेतलंय. तुझं जगायचं ऱ्हायलंय." मग त्यांचा आवाज थोडा चिरकला. "लांब का हाय उमरगा? कामाला हितंच येत जा. मशीन हितंच ऱ्हाऊ दे."

मी फोन लावला. त्यानं लगेच उचलला.

"बंद पडलं का?"

"नाही."

"मग गरम हुतंय?"

"नाही."

"मग काय झालंय?"

"तुम्ही येत नाही, हे झालंय," मी म्हणाले. "मला तुम्ही आवडता. हे मशीनमुळं नाही."

अत्ती फोनजवळ तोंड आणून म्हणाल्या, "म्हणावं, आईला घिऊन ये बोलणीला."

त्यानं ते ऐकलं असावं. मग हळूच म्हणाला, "आईचं गुडघं धरलेत. एसटीत चढाय येत न्हाय तिला."

मला वाटलं, संपलं. असंच टाळतात माणसं, चांगल्या शब्दांत.

"रिक्षा करतो," तो म्हणाला. "सोमवारी आणतो. चालंल का सोमवार?"

"चालेल," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.

"काय म्हणतोय?" अत्तींनी विचारलं.

"सोमवारी आईला घेऊन येतोय," मी म्हणाले. त्यांनी माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला. मग उठून त्या महारुद्राच्या फोटोसमोर जाऊन बसल्या, माझ्याकडं पाठ करून, आणि कानडीत त्याला सगळं सांगू लागल्या.