परत यावंच लागतं

लाल दोरी तनयाने ओढली, ती एका बेडकासाठी.

भिवंडीजवळच्या वळ गावातील त्या गोदामातला तो तिचा पहिलाच आठवडा होता. पाऊस लागून राहिला होता आणि पत्र्याच्या छपरावर त्याचा आवाज असा, की शेजारच्या माणसाशी बोलायचे तर त्याच्या कानाशी जावे लागे. सरकत्या पट्ट्यावरून खोक्यांची रांग चालली होती. बुटांची, मिक्सरची, औषधांची... आणि दोन खोक्यांच्या मध्ये, अंग फुगवून, एक हिरवा बेडूक निवांत बसला होता. पुढे खोकी ढकलणारे लोखंडी हात होते. तनयाने विचार केला नाही. पट्ट्याच्या कडेने ताणलेली दोरी तिने ओढली आणि अख्खी लाइन थांबली.

एवढ्या मोठ्या गोदामात अचानक फक्त पाऊस उरला.

"कोणी ओढली?" पलीकडून एक तरुण धावत आला. निळा शर्ट, खिशाला टेस्टर, श्वास लागलेला. "हात अडकला? कुठं लागलं?"

"मला नाही हो..." तिने ओंजळ पुढे केली. बोटांच्या फटीतून बेडूक डोकावला.

त्याने बेडकाकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"मॅडम, ज्याच्यावर बारकोड नसतो, त्याला यंत्र आपोआप बाजूच्या गल्लीत सोडतं. हा सुखरूप बाहेर पडला असता."

"त्याला ते माहीत नव्हतं ना!"

हसू दाबण्याचा त्याचा प्रयत्न फसला. "बरं. आता लाइन चालू पण तुम्हीच करायची. ज्यानं दोरी ओढली त्यानंच जागेवर येऊन खटका परत बसवायचा. नियम हाय."

तिने खटका बसवला. पट्टा हलला. तो मात्र क्षणभर तिथेच उभा राहिला.

हा हितेश वरठा. डोंगराकडच्या पाड्यावरून आयटीआयला आलेला, मग नोकरी करता करता पदविका पूर्ण केलेला, आणि कंपनीने जर्मनीतील ब्रेमेनच्या शाखेत दोन वर्षांसाठी पाठवायचा ठरवलेला. तनया त्याच्याच जागेसाठी तयार व्हायची होती. शिफ्टप्रमुख केसरीनाथ पाटील यांनी दोघांना समोर बसवून अट सांगितली होती.

"पोरगी तयार झाली असं मी लिहून दिलं, की हेड ऑफिस याच्या व्हिसाचे कागद पुढं धाडणार. त्याआधी न्हाय. आणि हितेश, ऐक. हा बदलीचा व्हिसा हाय. नोकरी आपल्याच कंपनीची, फक्त माणूस तिकडं. मुदत संपली, की परत यावंच लागतं."

म्हणजे ती जितक्या लवकर शिकेल, तितक्या लवकर तो जाणार होता. पहिल्या दिवशी या हिशेबात दुःखाचे काही नव्हते.

तो शिकवीही फार सुंदर. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक फिरत्या रुळाच्या बेअरिंगला टेकवायचे आणि मूठ कानाला लावायची. आतले सगळे ऐकू येते.

"काय म्हणतोय?"

"घासतोय... तेल मागतोय."

"आणि शेजारचा?"

"तो गप्प आहे."

"गप्प असतो तो चांगला."

"म्हणजे तुम्ही चांगले नाही," ती म्हणाली. पावसात त्याला ऐकू गेले नाही. तो वाकला, तिच्या केसांच्या ओल्या बटेपाशी त्याचा कान आला, आणि तिला तेच वाक्य पुन्हा म्हणण्याचे धाडस झाले नाही.

"काय बोल्लात?"

"काही नाही. तेल मागत होते."

श्रावण सरता सरता 'तुम्ही'चे 'तू' झाले. अंजूरच्या फाट्यापर्यंत सहाआसनी रिक्षात ते शेजारी बसत. एकदा तो विनाकारणच विचारल्यासारखा म्हणाला, "तुझ्या घरी आलो, तर मला चहा कुठल्या कपात देतील?"

तनयाचे वडील भिवंडीतल्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. प्रश्नाचा अर्थ तिला लागलीच कळला. "चांगल्या कपात," ती म्हणाली. "कान न तुटलेल्या."

"बघ हां... तपासून बघेन मी."

चाचणीचा दिवस आला. हितेशने लाइनवरचा एक सेन्सर मुद्दाम वाकडा केला होता. कुठला, ते तिने शोधायचे. केसरीनाथ घड्याळ घेऊन उभे. तनयाने लाइनवर एक नजर टाकली आणि तिला तो दिसला. दुसऱ्या वळणावरचा, डावीकडचा. बोट उचलायचा अवकाश होता. मग कागद जातील, शिक्का बसेल, विमान उडेल... तिचे पाय उलट दिशेला वळले. ती तिसऱ्या वळणावर गेली, एक चांगला सेन्सर उघडला आणि वेळ संपेपर्यंत त्यातच बोटे घालून बसली.

"न्हाय जमलं," केसरीनाथ म्हणाले. "पुढच्या शनिवारी परत. तेव्हा पण असंच झालं तर मी काय थांबणार न्हाय, जर्मनीला चाकणच्या गोदामातल्याचं नाव जाईल."

ते गेल्यावर हितेश तिच्यापाशी आला. आज तो हसत नव्हता.

"तुझी नजर आधी बरोबर ठिकाणी गेली होती."

"नाही..."

"तनया, मी यंत्राकडं बघत नव्हतो. तुझ्याकडं बघत होतो."

दुसऱ्या कुठल्याही दिवशी या वाक्याने तिचा श्वास अडकला असता.

"ती कोपऱ्यातली कुलूपबंद पेटी बघ," तो म्हणाला. "सगळी अक्कल त्यात हाय. बिघाड झाला, की जर्मनीला फोन लावायचा. ते तिकडून बटणं दाबणार, आपण इथं हात बांधून उभं. इतकी वर्षं मी तिच्यावरची धूळ पुसतोय. मला ती उघडायचीय. आणि तू... बेडकासाठी थांबवलीस ते ठीक. आज माझी लाइन थांबवलीस तू."

तिच्या डोळ्यांत पाणी आले. "तू थांबावंस, असं वाटलं."

"मग तसं बोलायचं. दोरी काय ओढतेस?"

पुढच्या शनिवारी तिने केसरीनाथांचे घड्याळ सुरू होते न होते तोच सेन्सर दाखवला. त्याच्या थांबलेल्या लाइनचा खटका जणू तिनेच परत बसवला होता. कागद गेले.

दिवाळी झाल्यावर तो निघाला. गोदामाच्या फाटकाशी, कंटेनरच्या धुळीत, दोघे उभे होते. बॅग त्याची बहीण मनिषा सांभाळत होती. ती याच गोदामात पॅकिंगला होती.

"येशील ना?" तनयाने विचारले.

"येशील ना काय विचारतेस? यावंच लागतं. सरकारी हुकूम हाय."

"आणि आल्यावर?"

"आल्यावर पहिला तुझ्या बाबांसमोर बसतो. कप तपासायचाय ना." त्याने तिच्या ओढणीला चिकटलेला टेपचा तुकडा अलगद काढला आणि स्वतःच्या खिशात ठेवला. "हा जर्मनीला नेतो. बारकोड न्हाय त्यावर, कोण अडवणार न्हाय."

त्या दोन वर्षांत प्रेम हा शब्द दोघांनीही उच्चारला नाही. फोनवर तो बर्फाचे सांगे, पेटीच्या आतल्या तारांचे सांगे; ती बेअरिंगची, पावसाची, मनिषाच्या खोड्यांची हकीकत देई. बोलणे नाजूक जागी येऊन अडखळले, की एकजण म्हणे, "परत यावंच लागतं," आणि दुसरा हसे. स्थळे आली, तनयाने परतवली. कारण विचारले तर ती सांगत नसे. तिला खात्री होती. मुदत पासपोर्टवर छापलेली होती. त्यामुळे 'परत ये' असे त्याला सांगण्याची गरजच तिला कधी वाटली नाही.

मुदत संपत आली तेव्हा एका दुपारी, चहाच्या सुट्टीत, त्याचा फोन आला.

"एक विचारायचं होतं."

"विचार ना."

"इथली शाखा मला कायमचं घेते म्हणते. राहण्याच्या परवान्याचा प्रकार बदलून मिळतो. मग... परत यावंच लागतं, असं काय राहत न्हाय."

तनयाने चहाचा ग्लास खाली ठेवला. "आणि पेटी?"

"पेटीच देतायत. नव्या गोदामाची, सगळीच्या सगळी." तो थांबला. "सोमवारी सही करायचीय. करू?"

'नको' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. त्याच क्षणी तिला तो शनिवार दिसला, त्याचे न हसणारे डोळे दिसले. माझी लाइन थांबवलीस तू... एकदा केले होते. पुन्हा नाही.

"तुला हवं ते कर," ती म्हणाली.

"मला काय हवं ते मला माहीत हाय. तुला विचारतोय."

"अरे, अशी संधी कोणी सोडतं का?" तिने आवाज जमेल तितका हलका ठेवला. "कर सही."

फोनमधून काहीच ऐकू येईना. गप्प असतो तो चांगला, असे तिने स्वतःला सांगितले.

"बरं, मॅडम," तो म्हणाला.

मॅडम. दोन वर्षांत त्याने तिला त्या नावाने हाक मारली नव्हती.

मार्गशीर्षात मनिषा तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. हातात टेपचे रीळ, नजर खाली.

"ताई, राग न्हाय ना येणार? तुमी दादाला 'ये' असं का न्हाय बोल्लात?"

"मी त्याच्या आड आले नाही, मनिषा."

"तो तिकीट बघून ठेवलेला. तुमी 'नको करू सही' बोलायची वाट बघत होता. आमची आय बोलली, मास्तरची पोर ती, आपल्या पोराला कशाला बोलवंल घरी?"

तनयाचा चेहरा उतरला. "आणि दादा काय म्हणाला?"

"काय न्हाय. बोल्ला, कप चांगलाच दिला असता तिनं. पन बोलावलं न्हाय."

तिने त्याच दुपारी फोन लावला. मागे यंत्रांची घरघर होती. ती इथल्यापेक्षा फार मऊ होती.

"मला 'ये' म्हणायचं होतं," ती एका श्वासात म्हणाली. "तेव्हाच. तुझी लाइन पुन्हा थांबवू नये म्हणून गप्प बसले. दुसरं काही कारण नव्हतं, हितेश. घर, बाबा, जात... काही नाही. तू मला हवा होतास."

पलीकडे दार लागल्याचा आवाज आला आणि घरघर मागे पडली.

"मी तुला विचारलं होतं, तनया," तो म्हणाला. "थांबव म्हणून विचारलं होतं. माणूस तसं कितीदा विचारतो?"

"आता विचार."

"आता कागद झाले. इथल्यांना शब्द दिला. आणि खरं सांगू... आईचं ते बोलणं मी महिनाभर खरं मानून झोपलो. ते आता एका फोननं जात न्हाय."

"मग?"

"मग... बघू."

ठाणे जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात 'बघू' म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक होते. तिने "हो" म्हटले आणि फोन ठेवला.

दर शनिवारी लाल दोऱ्यांची तपासणी असे. प्रत्येक दोरी एकदा ओढून पाहायची. ते काम आता तनयाकडे होते. त्या शनिवारी ती चालत पहिल्या वळणाशी आली. इथेच तो बेडूक बसला होता. छपरावर पाऊस नव्हता. तिने दोरी ओढली. पट्टा थांबला, खोकी जागच्या जागी उभी राहिली आणि गोदाम निःशब्द झाले.

पॅकिंगच्या बायांनी मान वर केली, तपासणी आहे हे पाहून पुन्हा खाली घातली. पलीकडच्या टोकाकडे तनया पाहत राहिली.

कोणी धावत आले नाही.

मग ती वाकली, खटका परत बसवला, आणि खोकी पुढे सरकू लागली.