तांबड्या पेशींचं आयुष्य

चंद्रावरच्या वसाहतीत रक्ततज्ज्ञ डॉ. सुलक्षणा तांडेल आणि वैद्यकप्रमुख डॉ. विद्याधर राजाध्यक्ष यांच्यातून विस्तव जात नव्हता. दोघंही मंगळावर निघणाऱ्या चमूत होते. त्या चमूतून राजाध्यक्षांनी यंत्रज्ञ जोसेफ डाबरेला वगळलं, तेव्हा ती दार न वाजवता त्यांच्या प्रयोगशाळेत शिरली. डाबरे मागोमाग आला आणि दाराशीच अवघडून उभा राहिला.

"त्याला मधुमेह नाही," ती म्हणाली.

"त्याचा शर्करांक, एचबीए१सी, सीमेपलीकडे आहे." राजाध्यक्षांनी मान वर केली नाही. "आणि शर्करांक तरी कशाला हवा? देह बघा त्याचा. पृथ्वीवर शंभर किलोंच्या वर भरतो. जिभेला लगाम नसलेला माणूस बंद यानात वर्षानुवर्षं काय करणार?"

डाबरेचे कान लाल झाले. असली बोलणी लहानपणापासून त्याच्या अंगवळणी पडली होती.

सुलक्षणानं आवाज चढवला नाही. "शर्करांक म्हणजे साखर नव्हे, सर. रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते. पेशी जितकी जुनी, तितकी जास्त चिकटते. पृथ्वीवर पेशी साधारण चार महिने जगते, असं धरून आपण आकड्यावरून साखर ताडतो. इथल्या कमी गुरुत्वाकर्षणात बहुतेकांच्या पेशी लवकर मरतात. नव्या पेशींवर साखर चढायला वेळच मिळत नाही. मधुमेह असला तरी आकडा साळसूद दिसतो."

"मग डाबरेचा जास्त का?"

"त्याच्या पेशी दीर्घायुषी असतील म्हणून. पण लठ्ठ माणसाचा जास्त आकडा तुम्हाला लगेच पटतो आणि सडपातळ माणसाचा कमी आकडाही. दोघांना ग्लुकोजचं पाणी पाजा आणि दोन तासांनी रक्तातली साखर थेट मोजा."

"दोघांना म्हणजे कोणाला?"

"त्याला आणि तुम्हाला."

राजाध्यक्ष छडीसारखे सडसडीत होते, आणि मंगळयानाचं नेतृत्व त्यांच्याकडेच होतं. त्यांनी पेला एका दमात रिकामा केला. "तांडेलबाई, ही मस्करी तुम्हाला महागात पडेल," ते म्हणाले.

डाबरेनंही आपला पेला संपवला. दोन तासांनी सुलक्षणानं दोघांचं रक्त तपासलं.

डाबरेची साखर निर्मळ निघाली. राजाध्यक्षांची दोनशे साठ, मधुमेहाच्या सीमेच्या बरीच पुढे. त्यांनी स्वतःच्या हातानं पुन्हा मोजली. आकडा हलला नाही. ते खुर्चीत बसले. सुलक्षणाला बरं वाटलं, आणि ते लपवावंसं तिला वाटलं नाही.

"आपण सर्वांत कमी शर्करांकाची माणसं निवडली," राजाध्यक्ष सावकाश म्हणाले. "म्हणजे ज्यांच्या पेशी सर्वांत लवकर मरतात, तीच यादीत वर आली."

"हो. लांबच्या प्रवासात शरीर नवं रक्त बनवून बनवून थकेल. पांडुरोगानं..." बोलता बोलता ती थांबली.

"थांबलात का?" त्यांनी विचारलं. "चमूत सर्वांत कमी आकडा कोणाचा होता?"

तो तिचाच होता. राजाध्यक्षांनी आणखी एक पेला भरून तिच्यापुढे सरकवला. त्यांच्या चेहऱ्यावर दयेचा लवलेश नव्हता. डाबरे पुढे झाला. "मॅडम, नका घेऊ. मला नाही जायचं."

"तुझा प्रश्न नाही हा," ती तुटकपणे म्हणाली आणि ग्लुकोजचं पाणी प्याली.

दोन तासांनी तिची साखर डाबरेइतकीच निघाली. मधुमेहाची खूणही नव्हती. साखर सारखी, आणि तिचा शर्करांक मात्र डाबरेच्या जेमतेम दोनतृतीयांश. या फरकाचा एकच अर्थ होता आणि तो तिनंच नुकता सगळ्यांना समजावला होता. इथे राहिली तरी तिचं रक्त असंच झिजत जाणार होतं.

पेशींचं आयुष्य मोजून नवा चमू निवडला गेला. डाबरे मंगळाकडे निघाला. पृथ्वीवर परतणाऱ्या यानात राजाध्यक्ष आणि सुलक्षणा यांना शेजारशेजारच्या जागा मिळाल्या. उड्डाणानंतर राजाध्यक्षांनी इन्सुलिनची सुई काढली. सुई ज्या दंडावर टोचायची तो सुलक्षणाच्या बाजूला होता. त्यांना जागा करून द्यायला तिनं आपलं कोपर मागे घेतलं नाही. त्यांनी दुसऱ्या दंडावर टोचून घेतलं.