जीभ आत गेली नाही

डॉक्टरीणबाईंनी गाईची जीभ बोटांत धरून बाहेर ओढली आणि सोडून दिली. जीभ आत गेली नाही. तोंडाच्या कडेला तशीच लोंबत राहिली आणि तिच्यावरून चिकट लाळ शेणात गळू लागली.

चार दिवसांत गोठ्यातल्या तीन गाई गेल्या होत्या. ही चौथी. ती पुरती शुद्धीवर होती, माणसांकडे डोळे फिरवून बघत होती. पण तिला मान उचलता येत नव्हती की घोट गिळता येत नव्हता. डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटर पाहिला. ताप नव्हता.

"विष घातलंय," मालक म्हणाला. "धार काढणाऱ्या मावशीचं काम. तिला चाऱ्याच्या खोलीत कोंडलंय. बाराला पोलीस येतील."

"कोंडलं कुणी?"

"मी," मालकाचा मेहुणा पुढे झाला. गोठ्यामागची पोल्ट्री तो सांभाळायचा. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट होता. कोंबड्यांत वावरणाऱ्या माणसाची ही इस्त्री डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत खुपली.

"मावशी असं का करेल?"

"धार काढायचं यंत्र घेतोय," मालक म्हणाला. "अकरा वर्षं होती इथे. मागच्या आठवड्यात तिला सांगितलं, पुढच्या महिन्यापासून येऊ नका. तर म्हणाली, माझ्या हाताशिवाय तुमच्या गाई कशा राहतात तेच बघते."

"आणि आजारी पडल्या त्या सगळ्या दुभत्याच," मेहुण्याने पुस्ती जोडली. "भाकड गाई ठणठणीत आहेत. मावशीचा हात फक्त दुभत्यांना लागतो. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"दुभत्यांना खायला काय घालता?"

"मुरघास. हिरवा मका खड्ड्यात दाबून मुरवलेला. भाकडांना कोरडा चारा." मालकाने छाती पुढे काढली. "मुरघास मी स्वतःच्या हाताने घालतो. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

चाऱ्याच्या खोलीला जाळीची खिडकी होती. आत मावशी गवताच्या भाऱ्यावर बसली होती. तिने आधी विचारलं ते गाईबद्दल.

"उठली का हो ती?"

"नाही अजून. मावशी, तुम्ही धार कशी काढता, सांगा बरं."

"आधी हात धुते. साबणाने, नखांतून. मग कास धुते, मग धार. दुसऱ्या गाईकडे जाताना परत हात. मालक हसतात मला. म्हणतात, मावशी गाईपेक्षा साबण जास्त खाते."

"गाईंत काही वेगळं दिसलं?"

"पहिलीच्या तोंडातून घास गळायला लागला. मी मालकांना म्हटलं, गव्हाणीला वास मारतोय. ते म्हणाले, मुरघास आंबटच असतो. पण बाई, आंबट वास मला कळतो. हा तसला नव्हता."

"मग कसला?"

मावशीने तोंड वाकडं केलं. "उंदीर मरून पडल्यासारखा."

तिथून डॉक्टरीणबाई पोल्ट्रीत गेल्या. डोळ्यांतून पाणी काढणारा उग्र दर्प होता. मेहुणा दारातच थांबला, नाकावर रुमाल धरून.

"मेलेल्या कोंबड्यांचं काय करता?"

"खड्डा काढून पुरतो. वर चुना टाकतो. मेली की त्याच दिवशी."

कोपऱ्यात चुन्याचं पोतं होतं. डॉक्टरीणबाईंनी त्याला बुटाने ठोकलं. ओल लागून ते दगडासारखं झालं होतं. तोंडाची शिवण दुकानातून आली तशीच होती.

"हाच चुना?"

"हाच. वर्षभर एकच पोतं पुरवतोय. उधळपट्टी नाही आपल्याकडे."

त्या बाहेर पडल्या आणि चाऱ्याकडे वळल्या.

मुरघासाचा खड्डा संपत आला होता. उरला होता तो पोल्ट्रीकडच्या टोकाचा ढीग. तिथे वरच्या प्लास्टिकच्या कागदाला हातभर चीर होती आणि तिच्यावर कोरी करकरीत चिकटपट्टी लावलेली होती. डॉक्टरीणबाईंनी ती ओढून काढली.

वास अंगावर आला. मुरघास तिथे काळा, बुळबुळीत झाला होता, चिखलासारखा हलत होता. हलत होत्या त्या अळ्या. हातमोजा घातलेला हात त्यांनी कोपरापर्यंत आत घातला. काहीतरी मऊ लागलं, बोटांखाली फुटलं. वीस वर्षं त्यांनी जनावरांच्या पोटांत हात घातले होते, कधी ओकारी आली नव्हती. आज त्या भिंतीमागे जाऊन ओकल्या. मग चूळ भरली, परत आल्या आणि सापडलं ते बादलीत टाकून वर झाकण ठेवलं.

साडेअकराला त्यांनी दोघांना मावशीच्या खिडकीसमोर बोलावलं.

"विषच आहे," त्या म्हणाल्या. "पण ते जंतूने तयार केलेलं आहे. हा जंतू मातीत नुसता झोपून असतो. हवा न लागता काही सडायला लागलं की तो जागा होतो आणि विष सोडतो. गाईला ताप नाही, कारण तिच्या अंगात जंतूची वाढ झालेली नाही. गेलंय ते तयार विष. नसांनी स्नायूंना द्यायचा निरोप ते अडवतं. म्हणून जीभ आत जात नाही, शेवटी श्वासही थांबतो. चांगल्या मुरलेल्या मुरघासाच्या आंबटपणात या जंतूचं काही चालत नाही. पण तुमच्या मुरघासात कुणीतरी मढं टाकलंय."

"मुरघासात?" मालकाचा आवाज बसला.

"काहीतरीच," मेहुणा हसला. "चार-पाच कोंबड्यांनी कुठे गाई मरतात होय?"

डॉक्टरीणबाईंनी वाकून बादलीवरचं झाकण काढलं.

"कोंबडी हा शब्द मी अजून काढलाच नव्हता. आणि किती, हे तर मलाही आत्ता मोजायचंय."

आत काळपट लगदा होता. त्यातून पिवळा पाय वर आला होता, नखांसकट. मालकाने तोंड फिरवलं.

"पोत्याची शिवण उसवलेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शिवण न उसवता वर्षभर चुना कसा टाकलात? खड्डा खणायचा कंटाळा. शर्ट मळतो. इथे कागद फाडायचा, आत ढकलायचं, मोकळं व्हायचं. पट्टी मात्र नवी आहे. ती कधी लावली?"

मेहुणा बुटांकडे बघत राहिला. "दुसरी गाय गेली तेव्हा."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं. तरी मुरघास चालू राहू दिलात, आणि मावशीला कोंडलंत."

त्याने शर्टाची बाही सारखी केली. बादलीतल्या लगद्याची त्यांना जेवढी किळस आली नव्हती, तेवढी त्या इस्त्रीच्या शर्टाची आली. कोपरावरचा वास दोनदा साबण लावला की जाईल, असं त्यांना वाटलं.

मालकाने पोलिसांना फोन केला आणि या म्हणून सांगितलं, फक्त नाव बदलून. मग स्वतः कुलूप काढलं. मावशी त्याच्याकडे न बघता गोठ्यात गेली आणि गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

"जगेल का?" तिने विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गिळता येईपर्यंत नळीने पाणी द्यावं लागेल. कुणीतरी सतत जवळ पाहिजे."

"मी आहे की."

मालक दारात घुटमळला. "मावशी, चुकलं माझं. यंत्र नको म्हणून कळवतो." खाली बसून त्याने गाईच्या लोंबत्या जिभेकडे हात नेला. त्याच्या नखांत सकाळचा मुरघास काळा होऊन बसला होता.

मावशीने त्याचं मनगट धरलं.

"मालक, आधी हात धुवा."