आबासाहेबांचा हात

पुतळ्यावरचा पडदा बाजूला झाला, टाळ्या पडल्या आणि करंजनगरची वाहतूक बंद पडली.

आबासाहेब हेरवाडकर हे या गावचे जुने पुढारी. त्यांनी बाजार समिती उभी केली, गावात नळाचं पाणी आणलं आणि यथावकाश ते वारले. पुतळा समितीने त्यांना जनतेला अभिवादन करताना घडवलं होतं. उजवा हात वर, पंजा उघडा, बोटं जुळलेली. चौकात आलेली पहिली स्वचल गाडी त्या हातासमोर अदबीने थांबली. तिच्यामागची थांबली, तिच्याहीमागची थांबली, आणि थोड्याच वेळात स्टेशनापर्यंत रांग लागली. गाड्यांना चालकच नसल्यामुळे शिवी हासडायलासुद्धा कुणी खाली उतरलं नाही.

वाहतूक नियंत्रण केंद्रातल्या मोठ्या पडद्यावर ऋजुता कुंभोजे हे सगळं बघत होती. तिने कपाळावर हात मारून घेतला. कारण वर केलेल्या पंजासमोर थांबायचं, हा नियम तिचाच होता.

स्वचल गाड्या आल्या तेव्हा त्यांची बुद्धी परदेशातली होती. माणूस पांढऱ्या पट्ट्यांवरूनच रस्ता ओलांडणार, आणि तोही दिवा हिरवा झाल्यावर, अशी त्यांची भाबडी समजूत. करंजनगरात पट्टे पुसले गेलेले आणि दिवे शोभेचे. इथला माणूस रस्त्याकडेला उभा राहतो, येणाऱ्या गाडीला पंजा दाखवतो आणि चालू लागतो. समोर ट्रक असला तरी पंजाच. ऋजुताने हे लहानपणापासून पाहिलेलं. तिचे वडील बाळगोंडा कुंभोजे शाळेत पीटीचे सर होते. शाळा सुटली की ते रस्त्याच्या मधोमध उभे राहत, एक हात वर करत, आणि उसाचे ट्रॅक्टर मुकाट थांबत. तो हात तिने गाड्यांना शिकवला. त्याला 'हस्तसंकेत' असं भारदस्त नाव दिलं. त्यासाठी कंपनीने तिला शाल आणि श्रीफळही दिलं होतं.

फोन वाजला. कंपनीचे प्रमुख अभिराम सोवनी होते.

"ऋजुता, तो पुतळा नकाशात टाक आणि गाड्यांना सांग, तिकडे बघू नका. पाच मिनिटांचं काम आहे."

"सर, तशी अंधजागा करायला कायद्याने बंदी आहे. पुतळ्याला हार घालायला माणसं चढतात, चौथऱ्यावर पोरं बसतात. तिथे माणूस शोधूच नका, असं गाडीला सांगता येत नाही."

"मग हात खाली करायला सांग त्यांना."

ते सांगायला ती स्वतः गेली. पुतळा समितीचे अध्यक्ष विलासदादा खराडे यांनी तिला चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "म्याडम, आबासाहेबांनी हयातीत कुणापुढं हात खाली घेतला न्हाई. आता तुमच्या डबड्यांसाठी घ्यायचा व्हय? आधी पुतळा आला का आधी गाड्या आल्या?"

"गाड्या आधी आल्या, दादा."

"आसं? मग गाड्यांनीच समजून घ्याया पायजे की. थोरल्यानं समजून घ्यायचं आसतं."

चहाचा कप ठेवून ती परत आली. सोवनींना तोड माहीत होती, विलासदादांना तत्त्व माहीत होतं, आणि काम तेवढं हिच्या गळ्यात होतं. चरफडतच तिने इरफान मुलाणीला गाठलं. इरफान गाड्यांच्या दृष्टीचा तज्ज्ञ. गाडीवरून सुटणारे लेझरचे किरण समोरची वस्तू कशी टिपतात, ते त्याच्याइतकं केंद्रात कुणाला कळत नव्हतं.

"फलकांवरच्या पुढाऱ्यांचे हात गाड्यांना फसवत नाहीत," तो म्हणाला. "ते सपाट असतात, किरणांना लगेच कळतं. पुतळ्याला मात्र माणसासारखी खोली आहे. आकारावरून फरक करता येणार नाही."

"मग कशावरून करायचा?"

"जिवंतपणावरून. तू हात वर धर आणि अजिबात हलू नकोस."

तिने धरला. इरफानने लेझरमापक लावला. पडद्यावर बारीक दात्यांची एक रेघ उमटली.

"बघ. तुला वाटतंय हात स्थिर आहे, पण स्नायू सतत आकसत आणि सैलावत असतात, वर रक्ताचा ठोका असतो. जिवंत माणसाचा हात कधीच पूर्ण थांबत नाही. पैलवानाचाही नाही. ब्राँझचा थांबतो."

"म्हणजे हात कापतोय तर माणूस, नाहीतर पुतळा."

"एवढंच."

ऋजुताला एकदम बाबा आठवले. बाबांना कंपवात होता. शर्टाची बटणं आई लावायची, चहा अर्ध्याच कपात द्यावा लागायचा, सही तर कधीच सुटली होती. चेहरा ताठ झाला होता, मान वळत नव्हती, पाय जागीच चिकटल्यासारखे व्हायचे. एकच गोष्ट ते अजून एकट्याने करत. रोज सकाळी चौकात जायचं, पदपथाच्या कडेला उभं राहायचं, हात वर करायचा, गाड्या थांबल्या की रस्ता ओलांडायचा आणि पलीकडच्या मैदानावर पोरांचा खो-खोचा सराव बघत बसायचं. आई सोबत यायला निघाली की ते चिडत. एवढं तरी माझं मला करू द्या, म्हणत.

चाचणीसाठी तिने त्यांना केंद्रात आणलं आणि हात वर करायला लावला. पडद्यावरच्या रेघेचे दाते पार वरच्या कडेला भिडले.

"अरे वा!" इरफान हसला. "सर तर सगळ्यांत जिवंत निघाले."

बाबांना हसू आलं होतं, पण ते चेहऱ्यावर उमटायला वेळ लागला. "या हाताचा कुणाला तरी उपयोग झाला म्हणायचा," ते म्हणाले.

नियम लागू झाला. गाड्या आबासाहेबांकडे ढुंकूनही न बघता जाऊ लागल्या. बाबांसमोर मात्र आधीपेक्षाही लांबून थांबू लागल्या. ऋजुता बऱ्याच दिवसांनी घरी वेळेवर जेवली.

मग आबासाहेबांची जयंती आली.

समितीने पुतळ्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तेवढ्याने समाधान न झाल्यामुळे क्रेन आणून वर केलेल्या हातातही एक भरगच्च हार अडकवला. वारा सुटला, झेंडू हलू लागले. किरणांना दिसलं की हाताची कड थरथरते आहे. हात कापतोय, म्हणजे माणूस. सगळ्या गाड्या पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांत जयंतीच्या प्रमुख पाहुण्यांचीही गाडी होती.

"हातातला तेवढा हार काढता येईल का?" ऋजुताने फोनवर विचारलं.

"जयंतीला हार काढायचा?" विलासदादा दुखावल्या आवाजात म्हणाले. "म्याडम, तुम्ही आपल्याच गावच्या ना? आन् आता रोज ताजा हार घालायचा ठराव झालाय. एकमतानं."

फोन ठेवते तोच सोवनींचा आला. "पाहुणे गाडीत अडकलेत. मला कारणं नकोत. तो चौक चालू कर."

तिचं डोकं फिरलं. ज्यांना हात वर हवा होता त्यांना हात मिळाला, ज्यांना हार हवा होता त्यांना हारही मिळाला, आता ज्यांना वेग हवा होता त्यांनाही तो हिनेच द्यायचा होता. ती जवळजवळ ओरडतच इरफानला म्हणाली, "गाळून टाक ती थरथर! जागच्या जागी लहानसा कंप दिसला तर तो हार समजायचा, हात नाही."

इरफानने विचारलं, "मग माणूस कशावरून ओळखायचा?"

"बाकीच्या हालचालींवरून. आपल्याकडे कुणी क्षणभर तरी गप्प उभं राहतं का? पाय पुढे टाकतात, मान वळवतात, फोन बघतात, वैतागून हातवारे करतात. यातलं काहीच नाही, नुसताच हात कापतोय, तर तो पुतळा. हार घातलेला."

"बरोबर आहे म्हणा," इरफान म्हणाला. "चाचण्या सगळ्या पुन्हा घेऊया?"

टेबलावर सोवनींचा फोन परत थरथरू लागला होता. "नंतर घेऊ," ती म्हणाली.

त्या नियमाला त्यांनी 'कंपगाळणी' म्हटलं. चौक लगेच मोकळा झाला. पाहुण्यांनी भाषणात तंत्रज्ञानाचं कौतुक केलं, समितीने ऋजुताचा सत्कार केला आणि तिलाही एक हार मिळाला. चाचण्या मात्र राहूनच गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला तेव्हा ऋजुता गाडीतून कामावर निघाली होती.

"बाबा मैदानावर पोचलेत का बघ गं जाता जाता. फोन उचलत नाहीयेत. आणि मी आले शोधायला तर किती रागावतात, माहीत आहे ना तुला."

"बघते," ती म्हणाली.

गाडी चौकात शिरली. समोरच्या छोट्या पडद्यावर गाडीला दिसणाऱ्या वस्तू नेहमीप्रमाणे चौकटींत उमटत होत्या, प्रत्येकीखाली नाव. सायकल. कुत्रा. माणूस, चालता. पुतळा, हारासह. ते आबासाहेब. सगळं ठाकठीक होतं. गाडीने जराही वेग कमी केला नाही.

मग आणखी एक राखाडी चौकट आली. डाव्या हाताला, पदपथाच्या कडेला.

पुतळा, हारासह.

इथे दुसरा पुतळा कधी बसवला, असं मनात म्हणत तिने काचेतून बाहेर पाहिलं.

बाबा उभे होते. उजवा हात वर होता आणि तो खाली येऊ नये म्हणून डाव्या हाताने कोपराला आधार दिलेला होता. मान सरळ, चेहरा ताठ, पाय जागच्या जागी. हात तेवढा कापत होता. त्यांच्यासमोरून गाड्या एकामागून एक निघून जात होत्या. तिची गाडीही गेली.

तिने थांबण्याचं लाल बटण दाबलं. गाडी कडेला लागली. मैदानावर शिट्टी वाजली, सराव संपत आल्याची. ऋजुताला एवढी लाज आणि एवढा संताप कधी आला नव्हता, आणि संताप काढायला समोर दुसरं कुणी नव्हतं. तिने मांडीवरचा संगणक उघडला. कंपगाळणी मागे घ्यायची का, असं त्याने विचारलं. तसं केल्यास मुख्य चौकातली वाहतूक ठप्प होण्याची शक्यता आहे, असंही बजावलं. असं बजावायला त्याला तिनेच शिकवलं होतं.

"होऊ दे," ती मोठ्याने म्हणाली आणि होकार दिला.

आधी आबासाहेबांसमोरची गाडी थांबली. मग तिच्यामागची. मग बाबांसमोरची. मागची रांग स्टेशनाच्या दिशेने लांबत गेली. बाबांनी जरा वेळ वाट पाहिली, खात्री करून घेतली आणि पाय सोडवून रस्त्यावर उतरले. त्यांनी घाई केली नाही. हात शेवटपर्यंत वर ठेवूनच ते पलीकडे आले. ऋजुता धावत तिथे पोचली होती.

"आज काय झालंय गं तुझ्या गाड्यांना?" ते म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "कधीचा उभा आहे मी. मला वाटलं, हात फार हलतोय, म्हणून कळत नसेल त्यांना. म्हणून असा दाबून धरला. तरी राहीना."

"तुमचं काही चुकलं नाही, बाबा."

"मग?"

सांगू नये असं तिला वाटलं, पण त्यांच्याशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तिने सगळं सांगितलं. हार, वारा, थरथर, गाळणी. गाडीच्या पडद्यावर त्यांच्याखाली काय लिहून आलं होतं, तेही सांगितलं. सांगता सांगता तिला रडू फुटलं. खिशात सोवनींचा फोन वाजत होता. तिने तो वाजू दिला.

बाबांनी मान वळवायचा प्रयत्न केला. ती वळेना, तेव्हा ते सगळेच सावकाश वळले आणि त्यांनी आबासाहेबांच्या पुतळ्याकडे पाहिलं. गळ्यात हार, हातात हार, आणि समोर थांबलेलं सगळं गाव.

मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं.

"ऋजू," ते म्हणाले, "मला हार घालायला अजून अवकाश आहे म्हणावं त्यांना."