मधे कोणीतरी येऊन गेलंय

चष्म्याच्या दुकानात फ्रेम बसवायचं काम तिचं आणि डोळे तपासायचं काम त्याचं. दुकान नवरा-बायकोचं, अरुंद, दोन्ही भिंतींना काचेची कपाटं आणि मागे पडद्याआड तपासणीची खोली. त्या खोलीतून दिवसभर एकच प्रश्न ऐकू यायचा. "हे बरं, की हे?" गिऱ्हाईक गोंधळायचं, तो काच बदलून पुन्हा विचारायचा, आणि बाहेर कितीही लोक खोळंबले तरी त्याचा आवाज चढायचा नाही. बाहेर बसून ती मनातल्या मनात म्हणायची, अहो, सोडा आता त्याला, दोन्ही सारख्याच दिसतायत त्या गरिबाला.

बायकांना नवा चष्मा तीच बसवून द्यायची. तिचा स्वतःचा चष्मा मात्र तो बसवायचा. आधी करंगळीने तिचे केस कानामागे सारायचा, मग काडी अलगद टेकवायचा. लेक मोठी होऊन नोकरीला लागली तरी त्या करंगळीत फरक पडला नाही आणि दर वेळी तिला हसू येणंही थांबलं नाही.

दोघांना वेड एकाच गोष्टीचं, सिनेमाचं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक चित्रपट मंडळ चालायचं, त्याचे हे जुने सभासद. मंडळात वर्षातून एकदा एकच ठरलेला सिनेमा लावायचे आणि त्यातल्या चुकांवर दुपारभर भांडायचे. सिनेमा अंतराळातला, जुना, तुटपुंज्या पैशांत केलेला. एका दूरच्या ग्रहावरच्या ठाण्यात एक बाई आणि एक पुरुष असतात. पुरुष दुरुस्तीसाठी बाहेर जातो आणि परत येत नाही. उरलेला सगळा वेळ ती बाई एकटीच, एका टेबलाशी, त्याची वाट बघत.

चुका ढीगभर होत्या. टेबलावरचा पाण्याचा ग्लास एका शॉटमध्ये भरलेला, पुढच्यात अर्धा. समोरची खुर्ची आधी भिंतीकडे तोंड केलेली, मग बाईकडे वळलेली. ठाण्यात तर दुसरं माणूसच नाही! चूक पकडण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून मंडळात तिचं नाव पडलं फौजदार. आणि तो प्रत्येक चुकीची बाजू घ्यायचा, म्हणून तो वकील.

"चूक नाही ती," वकील शांतपणे म्हणायचा. "एक शॉट संपतो, दुसरा सुरू होतो. मधला वेळ आपण बघितलाय का? मधे कोणीतरी येऊन गेलंय."

"कोण येणार? मेलाय तो!"

"तसं सिनेमात कुठे दाखवलंय? परत आला नाही, एवढंच दाखवलंय."

घरी जाताना रस्ताभर हीच हुज्जत. एकदा तरी तिने म्हणावं की बरं बाबा, तुमचं खरं, एवढीच त्याची इच्छा होती. तिने कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी बोलायला काय उरलं असतं?

तो गेला तोही असाच, मधल्या वेळात. त्या दिवशी सकाळी चहा पिताना सिनेमातल्या त्या खुर्चीवरून वाद झाला होता. "राहिलेलं संध्याकाळी," असं म्हणून तो दुकानात आला. दुपारी एक म्हातारे गृहस्थ तपासून बाहेर आले, तिने त्यांना फ्रेम दाखवल्या आणि पुढच्या मुलीला आत पाठवलं. मुलगी लगेच परत आली. "काकू, ते बोलत नाहीयेत." एक गिऱ्हाईक बाहेर येऊन दुसरं आत जाईपर्यंत कितीसा वेळ? तेवढ्यात तो स्टुलावर बसल्याबसल्या भिंतीला टेकून गेला होता.

आणखी एक गोष्ट तिला सलत राहिली. त्याच आठवड्यात त्याचा चष्मा हरवला होता. चष्मेवाल्याचाच चष्मा हरवला म्हणून दोघं पोट धरून हसले होते. घर, दुकान, कोटाचे खिसे, सगळं पालथं घातलं तरी सापडला नाही. मग तो एक जुनाट चष्मा वापरू लागला. त्याला शेवटचं पाहिलं तेव्हाही डोळ्यांवर तोच होता आणि चेहरा धड त्याचा वाटत नव्हता. हरवलेला चष्मा तिने हजारात ओळखला असता. त्याच्या डाव्या काडीचा स्क्रू पडला होता, घाईत तिला दुसरा मिळाला नाही म्हणून तिने पितळी बसवला होता. नंतर ती बदलायला गेली तर तो म्हणाला, "राहू दे. तुझ्या हातचा आहे."

तपासणीची खोली तिने बंद करून टाकली. दुकान कसंबसं चालू ठेवलं. कोणी विचारलं तर ठीक आहे म्हणायची. ठीक काहीच नव्हतं. तिला तो एकदा, फक्त एकदा दिसायला हवा होता. दुसरं काही मागणं नव्हतं.

वर्ष व्हायला आलं तेव्हा मंडळाचे अध्यक्ष दुकानात आले. टोपी हातात घेऊन बराच वेळ कपाटांकडे बघत राहिले.

"यंदा तो सिनेमा लावावा की नाही, कळत नाही," ते म्हणाले. "चूक चूक म्हणून ओरडायला सगळे आहेत. बाजू घ्यायला कोणी नाही."

"लावा," ती म्हणाली. "बाजू मी घेते."

"तुम्ही? फौजदार?"

"का? एवढी वर्षं ऐकलंय ते काय वाया गेलं?"

रविवारी दुपारी ती वाचनालयाच्या जिन्याने वर गेली. खिडक्यांना जाड पडदे लावले होते, तरी एका फटीतून उन्हाची पट्टी आत येत होती. डाव्या हाताची पहिली खुर्ची वकिलाची. ती त्याच खुर्चीवर जाऊन बसली. मागून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

सिनेमा सुरू झाला. तिला तो तोंडपाठ होता. पुरुष बाहेर गेला, दार बंद झालं. बाई टेबलाशी बसली. आता ग्लास जवळून दिसणार.

ग्लास दिसला. ग्लासाशेजारी एक चष्मा होता.

मिटून ठेवलेला. काळी फ्रेम, काड्या एकावर एक. डाव्या काडीच्या सांध्यावर पिवळं काहीतरी चमकत होतं.

शॉट बदलला. ग्लास अर्धा. खुर्ची वळलेली. टेबलावर चष्मा नव्हता.

"थांबवा!" ती ओरडली. "मागे घ्या. पुन्हा दाखवा."

अध्यक्षांनी पुन्हा दाखवलं. चष्मा होता. मग नव्हता.

"हा कुठून आला?" तिने विचारलं.

"कुठून म्हणजे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पहिल्यापासून आहे की. अहो, ही तर सगळ्यात मोठी चूक. सिनेमात चष्मा कोणीच घालत नाही."

"पहिल्यापासून?"

"दर वर्षी यावरून भांडतो आपण," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. ती दुःखात आहे, हे ते विसरले नव्हते. "तुम्हीच तर म्हणायचात, कोणीतरी कामगार विसरला असेल म्हणून."

ती असं कधीही म्हणाली नव्हती. या टेबलावर चष्मा नव्हता. असता तर तिच्या नजरेतून सुटला असता का? तिने सगळ्यांच्या तोंडांकडे बघितलं. कोणी थट्टा करत नव्हतं. अशी थट्टा करणारं तिथे कोणी नव्हतंही.

"बरं, बाजू मांडा," अध्यक्ष म्हणाले. "पहिल्या शॉटमध्ये आहे, दुसऱ्यात नाही. चूक की नाही?"

चूक म्हटलं तर तो कोणा विसरभोळ्या कामगाराचा चष्मा ठरणार होता. डोळे भरून आले आणि पडदा धूसर झाला.

"नाही," ती म्हणाली. "चूक नाही. मधे तो येऊन गेलाय. आपला चष्मा घेऊन गेलाय."

कोणी वाद घातला नाही. तिला वाटलं, घालायला हवा होता.

तिथून ती घरी न जाता दुकानात गेली. बाहेर अजून उजेड होता, समोरच्या फुटपाथवर मुलं चेंडू खेळत होती. तिने शटर अर्धं ओढून घेतलं आणि वर्षभराने मागचा पडदा सारला. खोलीत कोंदट वास होता. तिने दिवा लावला. समोर अक्षरांचा तक्ता, बाजूला लहान टेबल, त्याचं स्टूल. धूळ पुसली. एक ग्लास काठोकाठ भरून टेबलावर ठेवला. स्टूल ढकलून भिंतीला लावलं. मग आपला चष्मा काढला आणि ग्लासाशेजारी ठेवला. त्याला निळ्या मण्यांची दोरी होती, लेकीने दिलेली. ती दोरी तिने चष्म्याभोवती नीट गुंडाळली.

गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ती आजवर उगाच कधी बसली नव्हती. आता बसली आणि तिने डोळे मिटले.

वेड लागलंय मला, तिला वाटलं. लेकीला कळलं तर ती मला उचलून आपल्या घरी नेईल.

तिने डोळे उघडले. चष्म्याशिवाय सगळं पुसट होतं, पण ग्लास हाताच्या अंतरावर होता. तिने बोट बुडवून पाहिलं. पाणी अर्ध्यावर आलं होतं.

स्टूल तिच्या गुडघ्यापाशी होतं.

ती हलली नाही. खोलीत कोणी नव्हतं. ती बघत होती तोवर कोणी असणारही नव्हतं. हे तिला तेव्हा कळलं आणि कळल्यावर रडू आवरेना. जी एक गोष्ट तिने वर्षभर मागितली होती तेवढीच मिळणार नव्हती. तो येणार होता, पण तिचे डोळे मिटलेले असतानाच.

तिने डोळे पुन्हा मिटले.

"अहो," ती म्हणाली. "बरं बाबा. तुमचं खरं. चूक नव्हती ती."

स्टूल किंचित करकरलं.

कानावरचे केस मागे सरले. अगदी हलके, एका बोटाने.

मग नाकावर ओझं आलं. आधी उजवी काडी टेकली, मग डावी.

तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. डोळे उघडायचे नाहीत. उघडायचे नाहीत. ती प्रश्नाची वाट बघत राहिली. हे बरं, की हे? त्याने विचारलं नाही. चेहऱ्यावर श्वास आला आणि थांबला.

बाहेर शटर वाजलं. "आई? आत आहेस का गं?"

लेकीचा आवाज ऐकून तिचे डोळे आपोआप उघडले.

स्टूल भिंतीला लावलेलं होतं. ग्लास काठोकाठ भरलेला होता. सगळं तिने ठेवलं होतं तसंच, बोट ठेवायला जागा नाही. फक्त तक्त्यावरची अक्षरं भलतीच वेडीवाकडी दिसत होती, दुसऱ्याच्या नंबरातून दिसावीत तशी.

"अगं, हा बाबांचा चष्मा!" लेक पडद्याशी उभी होती. "कुठे सापडला?"

तिने डाव्या काडीला हात लावला. स्क्रूचं डोकं बोटाला लागलं. काडी कानाच्या बाजूला कोमट होती.

"इथेच होता," ती म्हणाली.

"आणि तुझा कुठंय?"

टेबलावर फक्त ग्लास होता. दोघींनी खोली शोधली, लेकीने वाकून खुर्चीखाली बघितलं, बाहेरच्या कपाटांमागे हात घालून बघितलं. "चष्मेवालीचाच चष्मा हरवला," लेक हसत म्हणाली, आणि आईचं तोंड पाहून गप्प झाली. रात्री ती आईकडेच राहिली.

सकाळी लेक आंघोळीला गेली होती तेव्हा अध्यक्षांचा फोन आला.

"काल तुम्ही बाजू काय मांडलीत हो! डोक्यातून जात नव्हतं. आत्ता घरी पुन्हा लावून बघितलं. पण एक शंका आहे. तो येऊन आपला चष्मा घेऊन गेला म्हणालात. त्याचा कसा असेल? तो तर बायकांचा आहे."

"बायकांचा?"

"म्हणजे काय! निळ्या मण्यांची दोरी आहे त्याला, छान गुंडाळून ठेवलेली. पहिल्यापासून आहे. एका शॉटमध्ये आहे, पुढच्यात नाही."

तिने मान वर केली. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ त्याच्या चष्म्यातून वाचता येत नव्हतं.

"ऐकताय ना? पुढच्या वर्षीही बाजू तुम्हीच घ्यायची, सांगून ठेवतो."

"पुढच्या वर्षी दुसरं कोणीतरी बघा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने एक ग्लास पाण्याने भरून टेबलावर ठेवला. समोरची खुर्ची भिंतीकडे वळवली. मग आपल्या जागी येऊन बसली आणि कानामागचे केस मुद्दाम पुढे ओढून घेतले.