जकातघराचे वय

वारसा मूल्यमापन संचालनालयाच्या प्रयोगशाळेत कोर्लेवाडीच्या जकातघराचे वय पडद्यावर उमटले. चौदा वर्षे.

"इमारत तीनशे वर्षांची आहे," हेमांगी खानोलकर म्हणाली. खाडीकाठचे ते जकातघर तिने दाऊद मुजावर या गवंड्यासोबत अकरा वर्षे खपून सावरले होते.

संचालक बिवलकर मूळचे भौतिकशास्त्राचे. शाळकरी मुलीला समजवावे तसे ते म्हणाले, "चुन्यातली वाळू अंधारात गाडली गेली, की आसपासच्या किरणोत्सारानं तिच्या कणांत ऊर्जा साठत जाते. उजेड लागला की साठा रिकामा. आमचा वयमापक तो साठा मोजतो, म्हणजे चुना कधी कालवला ते कळतं. यंत्र लाच घेत नाही, मॅडम."

"सांधे मीच नव्यानं भरले. नाहीतर भिंती पडल्या असत्या."

"म्हणजे तुम्हीच ते तरुण केलंत. धोरणात संरक्षणासाठी मर्यादा किमान शंभर वर्षांची आहे."

"आणि शेजारच्या पडक्या शौचालयाला संरक्षण?"

"त्याला कुणी हात लावला नव्हता. एकशे सहा वर्षं भरली."

हेमांगीने अपील केले. ते बिवलकरांनीच ऐकले आणि चार मिनिटांत फेटाळले.

महामार्गासाठी जकातघर पाडले गेले. दर्शनी घडीव चिरे कंत्राटदाराने नव्या चुन्यासकट उचलून नेले. मागे उरला भिंतींच्या पोटातला भराव, दगडगोटे आणि चुन्याचे घट्ट गोळे.

"हा जुना चुना," दाऊद म्हणाला. "आपण याला हलवलंच नव्हतं. चांगला होता."

त्याच दिवशी हेमांगीने अर्ज केला, की या ढिगाऱ्याचे वय मोजावे. संचालनालयाला त्यांच्याच नियमाने तोंडघशी पाडायचे, हा तिचा बेत होता. प्रयोगशाळेत गोळे अंधारात फोडून आतली वाळू तपासली गेली. वय निघाले तीनशे अकरा वर्षे.

अहवाल घेऊन ती बिवलकरांसमोर बसली. त्यांनी तो दोनदा वाचला आणि चहा मागवला.

"प्रथम श्रेणी. महामार्ग वळवावा लागेल, ते बघू. पण पद्धत उत्तम आहे. वरचं नवं काम उतरवलं, की खरा वारसा हाती लागतो."

"तो ढिगारा आहे, सर."

"तीनशे अकरा वर्षांचा."

सहा महिन्यांत परिपत्रक निघाले. दुरुस्तीमुळे अपात्र ठरलेल्या प्रत्येक वास्तूला 'गाभा उघडण्याची' संधी मिळाली. एक गढी, दोन धर्मशाळा आणि बंदरावरची एक वखार पहिल्याच महिन्यात पाडून संरक्षित झाल्या. परिपत्रकाच्या संदर्भांत पहिला क्रमांक हेमांगीच्या अर्जाचा होता.

तिने ते दाऊदला वाचून दाखवले. त्याने नखातला चुना खरवडून काढला. मग म्हणाला, "ताई, आपण सांधे भरले, ते चुकलं का?"

"नाही, दाऊदभाई," ती म्हणाली. "त्यांना लाज वाटेल असं मी धरून चालले, ते चुकलं."